गंगेची शेजपाळी : जलशक्ती मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री,
तसेच भारत–बांगलादेश संयुक्त नदी आयोगातील भारतीय सदस्य,
नवी दिल्ली

विषय : फराक्का येथील गंगाजल वाटप कराराची 12 डिसेंबर 2026 रोजी संपणारी मुदत आणि नव्या करारातील कलमे

स.न.वि.वि.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मराठवाड्यातल्या कालव्यांवर गेली. कालव्यावर काम केलेल्या माणसाला माणसांच्या दोनच जाती दिसू लागतात, हेडचे शेतकरी, म्हणजे कालव्याच्या मुखाशी असलेले, आणि टेलचे शेतकरी, म्हणजे शेवटाशी असलेले. हेडच्या शेतकऱ्याला पाणी दिसते, टेलच्याला पाण्याची वाट दिसते. गंगेच्या पाण्याशी गोदावरीकाठच्या माणसाचा काय संबंध, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. संबंध इतकाच की, नाशिक आणि नगरच्या धरणांनी वर पाणी अडवल्यावर जायकवाडीला काय उरते, या प्रश्नावर आम्ही मराठवाड्यातील लोक अनेक वर्षे भांडलो, न्यायालयात गेलो, आणि 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या कलमाच्या आधारे वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र पदरात पाडून घेतले. त्या भांडणात आम्ही जे बोललो ते आमच्या कानांत अजून आहे. आज देश म्हणून आपण फराक्क्यावर, म्हणजे बांगलादेशाच्या वर पश्चिम बंगालमध्ये गंगेवर बांधलेल्या बॅरेजवर, हेडला उभे आहोत आणि ब्रह्मपुत्रेवर टेलला. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहावे असे वाटले.

12 डिसेंबर 1996 रोजी तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी 30 वर्षांचा जो करार केला, तो चांगला होता असे माझे मत आहे. फराक्क्याचे बॅरेज 1975 मध्ये सुरू झाल्यापासून दोन देशांत जे झाले होते, ते पाहता तो मोठाच होता. 1975 च्या उन्हाळ्यात 41 दिवसांच्या चाचणीपुरती परवानगी घेऊन आपण हुगळीकडे पाणी वळवणाऱ्या फीडर कालव्यात पाणी सोडले आणि मुदत संपल्यावरही ते सोडत राहिलो. 16 मे 1976 रोजी बांगलादेशाचे नेते मौलाना भासानी राजशाहीहून हजारो लोकांना घेऊन फराक्क्याच्या दिशेने निघाले आणि त्याच वर्षी बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे नेला. 1977 चा पाच वर्षांचा करार, मग 1982 आणि 1985 चे सामंजस्य करार, आणि 1988 नंतर आठ वर्षे काहीच नाही. त्या आठ वर्षांत खाली किती पाणी जावे हे फक्त वरच्या दारांवर अवलंबून होते. हा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण म्हणजे, या वेळी वाटाघाटी रेंगाळल्या तर आपण पुन्हा तेथेच पोहोचतो.

करारातील वाटणीचे सूत्र वरवर सोपे आहे. 1 जानेवारी ते 31 मे या काळात दर दहा दिवसांचा सरासरी प्रवाह फराक्क्याला मोजायचा. तो 70,000 क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. 70,000 ते 75,000 असेल तर बांगलादेशाला 35,000 आणि उरलेले भारताला. त्यावर गेल्यास भारताला 40,000 आणि उरलेले खाली. 40,000 हा आकडा कोठून आला हे उघड आहे : भागीरथी-हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदराचा गाळ धुऊन काढण्यासाठी खणलेल्या सुमारे 38 किलोमीटरच्या फीडर कालव्याची ती क्षमता आहे. खरी ओढाताण 11 मार्च ते 10 मे या दोन महिन्यांची असते. त्यासाठी एक जोडकलम आहे, त्यानुसार या सहा दशकांपैकी (येथे दशक म्हणजे दहा दिवस) एकाआड एक तीन बांगलादेशाला आणि तीन भारताला 35,000 क्युसेकची हमी मिळते.

हे वाचताना माझ्यातला जुना कालवेवाला जागा होतो. ही तर शेजपाळी आहे. आमच्याकडे उन्हाळी आवर्तनात एका चारीला पाणी, मग ती बंद, मग दुसरीला. कालव्याला हे चालते, कारण कालवा अस्तरीकरण केलेली नाली आहे, तिला कोरडे ठेवले तर काही मरत नाही. करारासोबतच्या परिशिष्टात 1949 ते 1988 या 40 वर्षांच्या सरासरीवर जे तक्ते दिले आहेत, त्यांत 1 ते 10 एप्रिलला बांगलादेशाच्या वाट्याला 35,000 क्युसेक येतात, पुढच्या दहा दिवसांत 27,633 उरतात आणि त्यापुढच्या दहांत पुन्हा 35,000 होतात. ऐन उन्हाळ्यात महिनाभर नदी अशी वरखाली होत राहते. पाणी झपाट्याने उतरले की भिजलेला काठ आधार सुटून कोसळतो, हे मातीच्या धरणावर काम केलेला कोणीही सांगेल. उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाला दहा दिवसांचे वेळापत्रक समजत नाही. करार करणाऱ्यांनी दोन देशांत न्याय केला, परंतु नदी ही तिसरी हक्कदार आहे हे त्या कागदात कोठेच नव्हते.

खाली काय होते ते पाहू. फराक्का सीमेपासून वीस किलोमीटरच्या आत आहे. गंगा बांगलादेशात पद्मा होते, आणि कुष्टियाजवळ तिच्या उजव्या काठातून गोराई नावाची शाखा फुटून दक्षिणेला खुलन्याच्या दिशेने जाते. बांगलादेशाच्या नैर्ऋत्य भागाला गोडे पाणी पोहोचवणारी ही मुख्य वाट आहे. उन्हाळ्यात पद्मेची पातळी उतरली आणि गोराईच्या तोंडाशी वाळूचा उंबरठा साचला, की पद्मेत पाणी असूनही ते गोराईत शिरत नाही. 1988 नंतरच्या करारहीन वर्षांत ती उन्हाळ्यात तोंडापाशी कोरडीच पडू लागली, आणि पुढे कोट्यवधी खर्चून तिचा गाळ उपसावा लागला. उपसलेला गाळ पुढच्या पुरात पुन्हा येतो, ही गोष्ट वेगळी. वरून गोडे पाणी थांबले की समुद्र आत येतो. खुलन्याच्या नद्यांतली खारटपणाची रेषा वर सरकते, भातशेती खारावते, विहिरी खारावतात, आणि सुंदरबनात ज्या झाडावरून त्या वनाला नाव पडले असे मानतात तो सुंदरी वृक्ष शेंड्याकडून वाळत जातो. चक्रीवादळे, समुद्राची वाढती पातळी आणि कोळंबीसाठी मुद्दाम आत घेतलेले खारे पाणी यांचाही त्यात वाटा आहे. सगळे खापर फराक्क्यावर फोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही ज्या पाण्याने खारटपणा मागे रेटला जातो ते पाणी वरून येते, आणि वरचे दार आपल्या हातात आहे.

भेरामारा येथील गंगा-कोबादक उपसा सिंचन योजनेचे पंप पद्मेतून पाणी घेतात. पातळी खाली गेली की पंप बंद आणि कालवे कोरडे. हे वाक्य लिहिताना मला नाथसागराच्या काठावरच्या उघड्या पडलेल्या जॅकवेल, म्हणजे उपसा विहिरी, आठवतात, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

फराक्क्याने केवळ खालच्या देशाचेच नुकसान झाले असते, तर आपण राष्ट्रहिताच्या नावाने डोळेझाक केली, असे तरी म्हणता आले असते. पण बॅरेजच्या वर मालदा जिल्ह्यात गंगेने डावा काठ कुरतडत गावेच्या गावे पोटात घेतली, खाली मुर्शिदाबादेतही तेच झाले. बिहारचे मुख्यमंत्री म्हणून नितीश कुमार यांनी 2016 मध्ये, गाळ साचून पूर वाढतो या कारणाने हे बॅरेज काढून टाकण्याचीच मागणी केली. समुद्रातून निघून गंगेत थेट प्रयागराजच्या वरपर्यंत चढणारा हिलसा, म्हणजे बंगाली माणसाचा जीव की प्राण असलेला इलिश, फराक्क्याच्या दारांशी अडला आणि बिहार-उत्तर प्रदेशातल्या मच्छीमारांच्या जाळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. ज्या बंदरासाठी हे सारे केले, त्याच्या वाटेतला गाळ आजही ड्रेजर लावून काढावा लागतो. पश्चिम बंगालमधील अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी बांधकामाच्या काळातच यांपैकी बरेच काही लिहून ठेवले होते, आणि त्याबद्दल त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले. अभियंत्याने गणित मांडले की त्याला उत्तर गणिताने द्यावे, हा आमच्या व्यवसायाचा साधा शिष्टाचार त्या वेळी पाळला गेला नाही.

आता नव्या कराराविषयी. पहिली गोष्ट हमीची. 1977 च्या करारात एक तरतूद होती : प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशाला त्या दहा दिवसांच्या ठरलेल्या वाट्याच्या 80 टक्के पाणी मिळेलच. पुढच्या दस्तऐवजांतून ती गळाली. 1996 च्या करारात प्रवाह 50,000 क्युसेकच्या खाली गेल्यास दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी एवढेच म्हटले आहे. कराराच्या पहिल्याच उन्हाळ्यात, मार्च 1997 अखेरीस, ही वेळ आली; बांगलादेशात पद्मेवरच्या हार्डिंग पुलाखालचा प्रवाह 10,000 क्युसेकच्याही खाली गेल्याची नोंद झाली. सल्लामसलत करून नदीत पाणी येत नाही. तूट आली तर ती दोघांनी कोणत्या प्रमाणात सोसायची हे आधीच लिहिलेले असले पाहिजे. आमच्याकडे कमी साठ्याच्या वर्षात आवर्तने कापताना हेडचा आणि टेलचा हिस्सा सारखाच कापावा असा नियम आहे; तो नेहमी पाळला जातो असे मी म्हणणार नाही, पण नियम आहे म्हणून टेलचा शेतकरी कचेरीत येऊन टेबलावर हात तरी आपटू शकतो.

दुसरी गोष्ट फराक्क्याच्या वरची. करार फराक्क्याला पोहोचलेल्या पाण्याची वाटणी करतो. पोहोचण्यापूर्वी हरिद्वारला 1854 पासूनचा वरचा गंगा कालवा आहे, नरोऱ्याला खालचा, टिहरीचे धरण आहे, आणि उत्तर प्रदेश-बिहारमध्ये उपशाचे पंप किती आहेत याची गणती नाही. फराक्क्याचा प्रवाह 40 वर्षांच्या सरासरीइतका राखण्यासाठी वरचा देश सर्व प्रयत्न करील असे करारात लिहिले आहे. ‘सर्व प्रयत्न’ या शब्दांचे माप कोणत्या गेजवर घ्यायचे? फाट्यावर काटेकोर निम्मे-निम्मे करायचे आणि फाट्याच्या वर मोटारी मोजायच्याच नाहीत, ही युक्ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक कालव्यावर लोकांना पाठ आहे.

तिसरी गोष्ट माहितीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. एक आठवण सांगतो. एका कालव्याच्या शेवटच्या चारीवर एक वृद्ध शेतकरी होते. दर आवर्तनाला ते शाखा कचेरीत येत. नमुना नंबर 7 चा अर्ज वेळेत, पाणीपट्टी भरलेली. त्यांनी माझ्याकडे जास्त पाणी कधी मागितले नाही. म्हणायचे, “साहेब, कमी द्या, पण किती येणार आणि कोणत्या वारी येणार ते फळ्यावर लिहा. मी त्या हिशेबाने पेरतो.” एका वर्षी आमच्याकडून फळा लिहायचा राहिला. पाणी तसे नेहमीपेक्षा बरे आले होते, पण ते येणार हे माहीत नसल्याने त्यांनी अर्धे रान पडीक ठेवले होते. त्यानंतर त्या चारीवर आमच्या कोणत्याही शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि तो दोष आमचाच होता.

ऑगस्ट 2024 मध्ये त्रिपुरात आणि बांगलादेशाच्या पूर्व भागात अतिवृष्टी झाली, फेनी आणि कोमिल्ला बुडाले, आणि भारताने गुमती नदीवरील डुंबूर धरणाची दारे मुद्दाम उघडली अशी वदंता ढाक्यात वणव्यासारखी पसरली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने 22 ऑगस्टला खुलासा केला : धरण जेमतेम 30 मीटर उंचीचे, सीमेपासून 120 किलोमीटरहून दूर, आणि पूर मुख्यतः धरणाच्या खालच्या पाणलोटातील पावसाचा. तांत्रिकदृष्ट्या हा खुलासा मला पटतो. पण त्याच निवेदनात असेही होते की, 21 तारखेच्या दुपारी तीनपर्यंत पातळी वाढत असल्याची माहिती बांगलादेशाला दिली गेली आणि सायंकाळी सहाला पुरामुळे वीज गेल्याने संपर्कात अडचण आली. म्हणजे ज्या रात्री माहितीची खरी गरज होती, त्याच रात्री फळा कोरा राहिला, आणि त्या कोऱ्या फळ्यावर लोकांनी आपल्या मनातले भय लिहिले. डुंबूरविषयीचा संताप पाण्यापेक्षा त्या मौनातून अधिक उपजला होता.

पावसाळ्यात पूरइशाऱ्यासाठी आपण बांगलादेशाला माहिती देतो, हे मान्य. परंतु उन्हाळ्यातल्या गंगेचे काय? गोदावरीचा किंवा कृष्णेचा प्रवाह कोणी नागरिक मागू शकतो. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची मोजमापे मात्र आपल्या धोरणानुसार वर्गीकृत आहेत. फराक्क्याच्या वर कोणत्या ठिकाणी किती पाणी वाहते हे खुलन्याच्या शेतकऱ्याला कळत नाही, आणि पाटण्याच्या शेतकऱ्यालाही कळत नाही. यातून कोणत्या शत्रूपासून कोणते गुपित राखले जाते, हे मला उमगलेले नाही.

आता थोडे वर पाहू, कारण तिबेटच्या बाजूने आपण टेलचे आहोत. 2000 च्या एप्रिलमध्ये तिबेटातील यीगोंग येथे दरड कोसळून नदी अडली, जून महिन्यात तो नैसर्गिक बांध फुटला, आणि पाण्याचा लोंढा काही कळण्यापूर्वी अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात पोहोचून माणसे आणि पूल घेऊन गेला. त्यानंतर 2002 मध्ये चीनशी सामंजस्य करार झाला आणि यारलुंग त्सांगपोवरील, म्हणजे तिबेटातल्या ब्रह्मपुत्रेवरील, तीन केंद्रांची पावसाळी मोजमापे आपल्याला, पैसे मोजून, मिळू लागली. 2017 मध्ये, डोकलामच्या सीमातंट्याच्या वर्षी, ती आली नाहीत. केंद्रांचे नूतनीकरण चालू आहे असे कारण देण्यात आले. 5 जून 2023 रोजी त्या कराराची मुदत संपली. ऑगस्ट 2025 मध्ये आणीबाणीच्या प्रसंगी मानवतेच्या भूमिकेतून माहिती देण्याचे चीनने मान्य केले, म्हणजे जे हक्काने मिळायला हवे ते उपकार म्हणून मिळणार. दरम्यान जुलै 2025 मध्ये नदीच्या मोठ्या वळणावर मेडोग जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाले, सुमारे 1.2 लाख कोटी युआन खर्चाचे. अरुणाचलचे मुख्यमंत्री त्याला जलबॉम्ब म्हणतात, तर चीनच्या बाजूने म्हटले जाते की ही वाहत्या पाण्यावरची वीज आहे, खाली काही अपाय होणार नाही, ब्रह्मपुत्रेचे बहुतेक पाणी तर भारतातल्याच पावसाचे आहे.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे ही विनंती. पूर धरणाचा नसून खालच्या पाणलोटाचा आहे, हे आपण डुंबूरबद्दल सांगितले होते. दोन्ही वाक्ये कदाचित खरी असतील. पण एकाच वाक्यावर ढाक्याने विश्वास ठेवावा आणि दिल्लीने ठेवू नये, अशी अपेक्षा करता येत नाही. मेडोगच्या उत्तरादाखल सियांगवर (अरुणाचलात तीच नदी) 11,000 मेगावॉटहून अधिक क्षमतेचे धरण बांधण्याची योजना आपण पुढे रेटत आहोत, ज्याला तेथील ‘आदी’ या आदिवासी समाजाचा तीव्र विरोध आहे. त्या धरणाच्याही खाली पुन्हा बांगलादेशच आहे.

बीजिंगकडे आपण काय मागतो? वर्षभराची मोजमापे, प्रकल्पाची पूर्वसूचना, खालच्याला अपाय होणार नाही याची लेखी हमी. हे तिन्ही आपण फराक्क्यासाठी बांगलादेशाला आधी दिले, तर आपल्या मागणीला आधार मिळतो. चीन त्याने लगेच वठणीवर येईल असा माझा भाबडा समज नाही. पण आज आपण आंतरराष्ट्रीय मंचावर खालच्या देशाचे हक्क बोलू लागलो की समोरचा फराक्का म्हणतो आणि आपण गप्प होतो. 1997 च्या जलमार्गविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या मतदानात चीनने विरोध केला, बांगलादेशाने बाजूने मत दिले, आणि आपण तटस्थ राहिलो. हेड आणि टेल दोन्हीकडे शेत असलेल्या माणसाची ती पंचाईत होती. सिंधू करार स्थगित ठेवण्याचा एप्रिल 2025 चा निर्णय कोणत्या रक्तपातानंतर झाला हे मी जाणतो आणि त्याची चर्चा येथे करत नाही. मात्र तो ढाक्यातही वाचला गेला आहे, एवढे ध्यानात ठेवून नवा मसुदा लिहावा लागेल.

पश्चिम बंगालविषयी एक शब्द. 1996 चा करार होऊ शकला त्यात तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसूंचा मोठा वाटा होता. 2011 मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा तयार मसुदा ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे बारगळला, आणि जून 2024 मध्ये फराक्का कराराच्या नूतनीकरणाची बोलणी जाहीर होताच राज्याला विचारले नाही म्हणून त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. ज्यांच्या काठाची माती नदीत जाते ते बैठकीत असलेच पाहिजेत. बिहारही असला पाहिजे, त्याला तर कोणी मोजतच नाही. आणि संयुक्त नदी आयोगाची 37 वी बैठक 2010 मध्ये झाल्यावर 38 वी 2022 मध्ये व्हावी, हे 54 सामायिक नद्या असलेल्या दोन शेजाऱ्यांना शोभत नाही.

म्हणून मागणी अशी की, नव्या करारात तुटीच्या वर्षासाठी किमान हिस्स्याची टक्केवारी आकड्यांत लिहावी. गोराईचे तोंड वाहते राहील एवढा प्रवाह वाटणीच्या आधी नदीसाठी बाजूला काढावा. दहा दिवसांच्या वरखालीऐवजी पाणी हळूहळू चढवावे-उतरवावे. आणि हरिद्वारपासून फराक्क्यापर्यंतच्या प्रमुख गेजची रोजची नोंद बाराही महिने दोन्ही देशांच्या लोकांना उघड वाचता यावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी ढाक्याची संमती लागत नाही, पाणीही लागत नाही. मंत्रालयाचा एक आदेश पुरेल.

12 डिसेंबरनंतर वीस दिवसांनी 1 जानेवारी 2027 येते, आणि पूर्वीच्या हिशेबाने त्या दिवशी पहिल्या दहा दिवसांची मोजणी सुरू होते. त्या सकाळी फराक्क्याच्या आणि हार्डिंग पुलाच्या मोजपट्टीपाशी दोन्ही देशांचे कनिष्ठ अभियंते नेहमीप्रमाणे उभे असतील. त्यांच्या हातात कोणता कागद असेल, हे त्याआधी कळवावे.

आपला,
गोदावरीच्या खालच्या अंगाचा एक रहिवासी